बाहेरचा जिना बांधताय? फॅब्रिकेटरला फोन करायच्या आधी हे टप्पे बघा

'आगीतून सुटायला दुसरा जिना करा' अशी अग्निशमन विभागाची, म्हणजे फायरची, नोटीस आली की आपल्याकडे ठरलेला क्रम आहे. पहिला फोन फॅब्रिकेटरला, तो येऊन मागच्या भिंतीला टेप लावतो, किलोवर भाव सांगतो, आठवड्याभरात लोखंडी गोल जिना उभा, लाल रंग मारला, 'फायर एक्झिट'चा बोर्ड लावला, झालं. मग अग्निशमन विभागाचा माणूस येतो, वर बघतो आणि म्हणतो हा चालणार नाही. पैसे गेले, वेळ गेला, आणि जिन्यावर एव्हाना कुंड्या बसलेल्या असतात.

चूक जिन्याची कमी, क्रमाची जास्त. जिना हा बाहेर पडायच्या वाटेचा मधला तुकडा आहे. नियमात वाटेचे तीन भाग धरतात: तुमच्या जागेवरून जिन्याच्या दारापर्यंत, मग खुद्द जिना, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून सार्वजनिक रस्त्यापर्यंत. तिन्हीतला एक जरी अडला तरी उरलेल्या दोघांचा काही उपयोग नाही. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, जिन्याचं डिझाईन मुद्दाम मध्यावर ठेवलंय.

हे सगळं महाराष्ट्रातल्या छोट्या हॉस्पिटलवाल्यांसाठी, क्लासेस, मंगल कार्यालय, हॉटेल चालवणाऱ्यांसाठी आणि जुन्या सोसायटीच्या कमिटीसाठी आहे. आकडे राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६, म्हणजे सगळे ज्याला एनबीसी म्हणतात, तिच्या भाग ४ मधले आहेत.

## तयारी: आधी कागद, मग टेप

हे जमवल्याशिवाय पुढे जाऊ नका:

- मंजूर नकाशा, शिक्क्याची प्रत. बिल्डरच्या ब्रोशरमधला प्लॅन नाही.
- भोगवटा प्रमाणपत्र आणि आधीची फायर एनओसी, असेल तर.
- शेवटचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा लायसन्स्ड एजन्सीचा सहामाही दाखला.
- ३० किंवा ५० मीटरची टेप, खडू, टॉर्च आणि सोबत एक माणूस.
- इमारतीची उंची आणि प्रत्येक मजल्याचं क्षेत्रफळ.

नकाशा हातात घेऊन प्रत्येक मजला फिरा आणि जिथे जिथे नकाशा आणि वस्तुस्थिती जुळत नाही तिथे लाल पेनाने खूण करा. बंद केलेली बाल्कनी, पॅसेजमध्ये घेतलेली केबिन, डक्टवर टाकलेला स्लॅब, जिन्याखालची स्टोअररूम, सगळं. बऱ्याच इमारतींत मूळ नकाशात दुसरी वाट असते, मधल्या वीस वर्षांत कुणीतरी ती गिळलेली असते. ती मोकळी केली तर कधीकधी नवा जिना लागतच नाही, आणि हे कळायला एक दुपार पुरते.

तपासा: नकाशात इमारतीचा वापर काय लिहिलाय? 'निवासी' लिहिलंय आणि तिसऱ्या मजल्यावर क्लास किंवा नर्सिंग होम चालतंय, तर तुमचा पहिला प्रश्न जिन्याचा नाही, वापर बदलाचा आहे. वापर बदलला की पायरीच्या मापापासून जिन्याच्या रुंदीपर्यंत सगळं बदलतं.

## टप्पा १: कुठलं पुस्तक लागू आहे ते ठरवा

एनबीसी स्वतःहून कायदा नाही, शिफारस आहे. ती बंधनकारक होते राज्याच्या आणि पालिकेच्या नियमांतून. मुंबई महापालिका हद्दीत डीसीपीआर २०३४ ही बांधकामाची नियमावली, आणि राज्यातल्या बहुतेक बाकीच्या शहरांत डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर ही एकत्रित नियमावली. एमआयडीसीचे नियम वेगळे. या सगळ्यांच्या वर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६, ज्यात जबाबदारी मालकावर किंवा जो जागा वापरतो त्याच्यावर टाकलीये. 'जागा भाड्याची आहे, मालक बघेल' हे तिथे चालत नाही.

एनबीसीप्रमाणे १५ मीटर आणि त्यापेक्षा उंच इमारतीला किमान दोन जिने लागतात. शाळा, हॉस्पिटल, सभागृह, कारखाना, गोदाम अशा वापरात मजला ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असला तर उंची कितीही असो, दोन लागतात. स्थानिक नियमात आकडा वेगळा असला तर? दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि जो जास्त कडक तो धरून चला. पुढे अधिकारी बदलला, वापर बदलला तरी तुम्ही सुरक्षित बाजूला राहता.

आणि हो, लिफ्टला बाहेर पडायची वाट म्हणून मोजत नाहीत. 'आमच्याकडे एक जिना आणि दोन लिफ्ट' म्हणजे हिशोबात एकच वाट.

## टप्पा २: माणसं मोजा, रुंदी त्यातून निघते

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण लोक आधी जिन्याची रुंदी ठरवतात, ती पण मागे जागा किती उरलीये त्यावरून. उलट करा.

मजल्यावर किती माणसं धरायची याचे आकडे ठरलेले आहेत. निवासी जागेत १२.५ चौरस मीटरला एक माणूस, ऑफिसला १० ला एक, शाळा-क्लासला ४ ला एक. रेस्टॉरंटसारख्या जागेत, जिथे टेबलं-खुर्च्या हलत्या असतात, साधारण १.४ चौरस मीटरला एक, आणि उभ्या गर्दीच्या हॉलला ०.६५ ला एक. हे कमीत कमी आकडे. प्रत्यक्षात जास्त माणसं बसत असतील तर प्रत्यक्षातला आकडा धरायचा.

उदाहरण घेऊ. २४० चौरस मीटरचा क्लासचा मजला. ४ ने भागलं तर ६० मुलं. पण बाकं मोजली तर एका बॅचला १८० बसतात, तीन वर्गात मिळून. मग हिशोब १८० चा करायचा. ६० लिहून कागदावर पास होणं सोपं आहे, पण बाकं सगळ्यांना दिसतात.

आता रुंदी. जिन्याला माणशी १० मिलिमीटर, दारं आणि सपाट पॅसेजला माणशी ६.५ मिलिमीटर. पेशंट अ‍ॅडमिट असतात त्या हॉस्पिटलला माणशी १५ आणि १३, कारण स्ट्रेचर आणि व्हीलचेअर असतात. म्हणजे आपल्या १८० मुलांना जिन्याची एकूण रुंदी लागते १८०० मिलिमीटर, दारांची ११७०. १५०० चा एक जिना १५० जणांना पुरतो, इथे तो एकटा कमी पडला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, वरचे सगळे मजले बेरीज करायचे नसतात, प्रत्येक मजला वेगळा धरायचा आणि सगळ्यात जास्त माणसं असलेल्या मजल्यावरून जिना ठरवायचा. दोन, खाली उतरताना रुंदी कुठेही कमी व्हायला नको. वर १५०० आणि तळमजल्यावर दुकानदाराने काउंटर पुढे सरकवल्यामुळे ९००, तर तुमचा जिना ९०० चाच आहे.

सावधान: दाराची रुंदी म्हणजे चौकटीचं माप नाही. पल्ला उघडल्यावर माणूस जाईल तेवढी मोकळी जागा मोजा. दोन पल्ल्यांचं दार असून एक पल्ला कायम कडी लावून बंद असेल तर अर्धंच धरा.

## टप्पा ३: सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून चालत या

टेप काढा. मजल्यावरचा सगळ्यात लांबचा कोपरा, जिथे माणूस बसू शकतो, तिथून जिन्याच्या दारापर्यंत मोजा. बहुतेक वापरांना मर्यादा ३० मीटर आहे, कारखान्यांच्या कमी आणि मध्यम धोक्याच्या प्रकारांना ४५, जास्त धोक्याच्या जागांना २२.५. पूर्ण इमारतीला स्प्रिंकलर असतील तर ५० टक्के वाढवून मिळते.

मोजायचं कसं, तर माणूस चालेल तसं. पार्टिशनला वळसा, टेबलांमधून, केबिनच्या दारातून. आर्किटेक्टकडचा पोरगा नकाशावर सरळ रेघ मारून '२४ मीटर आहे सर' सांगतो आणि प्रत्यक्षात वळसे धरून ते ३५ निघतं. खडूने जमिनीवर रेघ मारत जा, वाद मिटतो.

मग बंद टोकं शोधा, म्हणजे पॅसेजचा असा भाग जिथून पुढे वाट नाही, मागेच फिरावं लागतं. शाळा, हॉस्पिटल, सभागृहात असं टोक ६ मीटरपेक्षा लांब नको, बाकी वापरांत १५. धुरात माणूस भिंत चाचपत पुढे जातो, बंद टोकाला पोचला की परत फिरायला त्याच्याकडे वेळ नसतो.

तपासा: दोन्ही जिन्यांची दारं शेजारी शेजारी आहेत का? एकाच लॉबीत उघडणारे दोन जिने म्हणजे एकाच धुरात दोन्ही गेले. सुरतच्या क्लासमध्ये २४ मे २०१९ ला आग लागली आणि खाली उतरायची वाट बंद झाली म्हणून मुलांनी वरून उड्या मारल्या, २२ जण गेले. दुसरी वाट आगीच्या दुसऱ्या बाजूला असावी लागते, एवढाच तिचा अर्थ आहे.

## टप्पा ४: दारं, म्हणजे फुकटात सुधारता येणारा भाग

नवीन जिन्याला लाखो लागतात, दारांना त्यामानाने काहीच नाही. तरी लोक हे शेवटी बघतात. आधी करा.

- बाहेर पडायच्या दाराची रुंदी किमान १ मीटर, सभागृहासारख्या जागेला २ मीटर. उंची किमान २ मीटर.
- दार जायच्या दिशेने उघडायला हवं, आत ओढायचं नाही. मागून गर्दीचा रेटा आला की आत ओढायचं दार उघडतच नाही.
- आतून चावीशिवाय उघडायला हवं. चोराची भीती असेल तर पॅनिक बार लावा, बाहेरून बंद, आतून ढकललं की उघडं.
- दार उघडून थेट पायरीवर पाय पडायला नको. मध्ये लँडिंग हवं, निदान दाराच्या रुंदीएवढं.
- दार उघडल्यावर पल्ल्याने पॅसेज किंवा जिन्याची रुंदी खाल्ली नाही ना, तेही बघा.

चॅनेल गेटबद्दल वेगळं सांगतो. रात्री दहाला वॉचमन जिन्याचं चॅनेल गेट ओढून कुलूप लावतो, चावी केबिनमध्ये, वॉचमन राउंडला. हे अर्ध्या महाराष्ट्रात चालतं आणि सगळ्यांना माहीत असतं. नवीन जिना बांधून त्याच्या तळाशी असंच गेट लावणार असाल तर कृपया पैसे वाचवा. गच्चीच्या दाराचंही तेच.

## टप्पा ५: जिना कुठे बसवायचा

आता कुठे जिन्याकडे आलो. बाहेरच्या जिन्याचे जागेबद्दलचे नियम हे असे:

पहिलं, त्याचं प्रवेशद्वार आतल्या जिन्यापासून वेगळं आणि लांब हवं. दुसरं, तो थेट जमिनीपर्यंत आला पाहिजे. पहिल्या मजल्याच्या पोडियमवर, शेजारच्या दुकानाच्या पत्र्यावर किंवा 'तिथून उडी मारता येते' अशा ठिकाणी संपणारा जिना हा जिना नाही.

तिसरं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारं: खिडक्या. जिन्यापासून ३ मीटरच्या आत इमारतीच्या भिंतीत कुठलीही खिडकी किंवा दार असेल तर ते किमान ६० मिनिटं आग सोसणारं हवं. साधी अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी आणि ५ मिलिमीटरची काच काही मिनिटांत फुटते, त्यातून ज्वाळा बाहेर येतात आणि वरच्या मजल्यावरची माणसं त्याच जिन्यावरून खाली येत असतात. म्हणून जिन्याची जागा ठरवताना भिंतीवर खडूने दोन्हीकडे ३ मीटरच्या खुणा करा आणि आत काय काय येतं ते लिहून काढा. टॉयलेटच्या झडपा, किचनचा एक्झॉस्ट, एसीची आउटडोअर युनिटं, सर्व्हर रूमची खिडकी. काही बंद करता येतील, काही हलवता येतील, बाकीच्यांना फायर रेटेड असेंब्ली, म्हणजे ठरलेली मिनिटं आग सोसणारी चौकट आणि पल्ला. नाहीतर जिना दुसऱ्या भिंतीला न्या, कोरी भिंत सापडली तर निम्मा प्रश्न सुटला.

किचनचा एक्झॉस्ट जिन्याखाली सोडलेला दिसतो, डीजी सेट म्हणजे जनरेटर जिन्याखाली ठेवलेला दिसतो, गॅस सिलिंडरची बँक तर हमखास, कारण 'ती जागा तशीही मोकळीच होती'. हलवा. यावर चर्चा नको.

चौथं, जिन्यात उघडणारं दार १२० मिनिटांच्या फायर रेटिंगचं हवं, डोअर क्लोजरसकट. दार विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं असलं तर रेटिंगला अर्थ नाही.

सावधान: मार्जिनमध्ये, म्हणजे इमारत आणि कंपाउंडमधल्या मोकळ्या जागेत, जिना घेताना फायर इंजिनची वाट तपासा. उंच इमारतीच्या भोवती गाडी फिरायला ६ मीटर मोकळी जागा, वळायला ९ मीटरची त्रिज्या आणि ४५ टन वजन सोसणारी जमीन लागते. जिन्यामुळे ६ चे ३ झाले तर तुम्ही एक सुटका देऊन दुसरी काढून घेतली. ड्रेनेजच्या टाकीवरचं झाकण ४५ टन पेलतं का हेही तिथेच उभं राहून विचारून घ्या.

## टप्पा ६: जिन्याची मापं

एनबीसी २०१६ प्रमाणे बाहेरचा जिना:

- सरळ फ्लाइटचा (फ्लाइट म्हणजे दोन लँडिंगमधली पायऱ्यांची रांग), रुंदी किमान १५०० मिलिमीटर. काही स्थानिक नियमांत याहून कमी माप दिसेल, ते वापरायच्या आधी आपल्या फायर ऑफिसकडून लेखी घ्या.
- आडव्या पातळीशी ४५ अंशापेक्षा उभा नको.
- दोन्ही बाजूंना रेलिंग, उंची १००० ते १२०० मिलिमीटर. उभ्या गजांमध्ये जास्तीत जास्त १५० मिलिमीटर अंतर. लहान मुलांची शाळा असेल तर मी म्हणेन १०० च ठेवा, पोरं डोकं घालतात.
- सगळं न जळणाऱ्या साहित्याचं.

पायरीसाठी जिन्यांचे नेहमीचे आकडे घ्या: निवासी इमारतीत पायरी किमान २५० रुंद आणि जास्तीत जास्त १९० उंच, बाकी वापरांना ३०० रुंद आणि १५० उंच. डोक्यावर मोकळी उंची २.२ मीटर. एका फ्लाइटमध्ये १२ पायऱ्यांच्या आत राहा, दमलेला माणूस आणि मागून येणारी गर्दी दोघांना लँडिंग लागतं.

याची प्रत्यक्ष जागा किती होते ते काढून बघू, कारण इथेच सगळ्यांचा हिरमोड होतो. मजल्याची उंची ३ मीटर, क्लास किंवा हॉस्पिटल. १५० ने भागलं, २० पायऱ्या. दहा-दहाच्या दोन फ्लाइट. दहा उंच्यांमध्ये नऊ पायऱ्या चालायच्या, नऊ गुणिले ३०० म्हणजे २.७ मीटर. दोन्ही टोकांना १.५ मीटरचं लँडिंग. लांबी झाली ५.७ मीटर. रुंदी दोन फ्लाइट आणि मधली फट धरून ३.२ मीटर. म्हणजे साधारण ६ बाय ३.५ ची जागा, भिंतीला चिकटून, जमिनीपासून वरपर्यंत. मागच्या बाजूच्या सव्वा मीटरच्या गल्लीत हे बसणार नाही, कितीही ओढाताण केली तरी. निवासी इमारतीत १६ पायऱ्या पुरतात आणि लांबी पावणेपाच मीटरपर्यंत येते, एवढाच फरक.

### लोखंडी जिन्याचं काय

उघडा लोखंडी सांगाडा सुटकेची वाट म्हणून धरत नाहीत. एनबीसीत हे स्पष्ट लिहिलंय. १२० मिनिटं आग सोसणाऱ्या बंदिस्त कप्प्यात स्टीलचा जिना चालतो, उघड्यावर भिंतीला टांगलेला नाही. कारण साधं आहे, स्टील जळत नाही पण ५००-६०० अंशाला त्याची निम्मी ताकद जाते, आणि त्याच्या खूप आधी त्या रेलिंगला हात लावणं अशक्य होतं. इंग्रजी पिक्चरमध्ये न्यूयॉर्कच्या इमारतींना जे लोखंडी झिगझॅग जिने दिसतात ते जुन्या इमारतींचे उरलेले आहेत, नवीन बांधकामात तिथेही ते सुटकेची वाट म्हणून घेत नाहीत. तेव्हा आरसीसी करा.

### गोल जिन्याचं काय

९ मीटरपर्यंतच्या इमारतीलाच, आणि व्यास किमान १५०० मिलिमीटर. त्याहून उंच इमारतीत फक्त तेव्हाच, जेव्हा तो बाल्कनी-गच्चीसारख्या प्लॅटफॉर्मना जोडलेला असेल, म्हणजे माणसाला मध्ये थांबता येईल. सरळ फ्लाइटचा १५०० रुंद जिना लागतो तिथे 'जागा नाही म्हणून गोल' हे उत्तर चालत नाही. साडी नेसलेली बाई, हातात मूल, अंधार आणि त्रिकोणी पायऱ्या, बास, पुढचं तुम्हीच बघा.

तपासा, बांधकाम चालू असताना: पहिली आणि शेवटची पायरी. मिस्त्री काँक्रीटच्या मापात २० पायऱ्या बरोबर काढतो, मग लँडिंगवर ५० मिलिमीटरचा कोबा-लादी येते आणि पायऱ्यांवर २० ची, झालं, शेवटची पायरी ३० ने वेगळी. लोक घाईत तिथेच पडतात. फिनिशिंग धरून मापं आधी भिंतीवर मारून घ्या. आणि बाहेरचा जिना आहे, आपल्याकडे चार महिने पाऊस, तेव्हा गुळगुळीत ग्रॅनाइट नको, खरखरीत पृष्ठभाग द्या, पायरीला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या, लँडिंगला पाणी काढून द्या. कोकणात तर जुलैपर्यंत शेवाळ धरतंच.

## टप्पा ७: परवानगी, बांधायच्या आधी

क्रम असा:

1. स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या इमारतीच्या बीमला नवीन जिना टांगायचा की स्वतंत्र पाया घेऊन शेजारी उभा करायचा हे तो सांगेल. बहुतेक वेळा स्वतंत्र बरा.
2. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव. ज्याच्या खिडकीसमोर जिना येणार त्याला आधी भेटा, सभेत कळू देऊ नका.
3. आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा, वर काढलेले माणसांचे आणि अंतराचे हिशोब त्यातच टाकून.
4. अग्निशमन विभागाची आणि बांधकाम परवानगी विभागाची मंजुरी. दोन्ही. फायरने हो म्हटलं म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही आणि उलटंही.
5. बांधकाम.
6. पाहणी आणि अंतिम ना-हरकत.

'आधी बांधू, मग रेग्युलराइज करू' हा सल्ला देणारा माणूस नंतर फोन उचलत नाही.

सावधान: बांधकाम चालू असताना जुना जिना मोकळा ठेवा. सिमेंटची पोती आणि सेंट्रिंगच्या फळ्या हमखास जुन्या जिन्याच्या लँडिंगवर रचल्या जातात, म्हणजे काम चालू असेपर्यंत इमारतीला धड एकही वाट नाही.

## टप्पा ८: शेवटच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत

जिना झाला, आता खाली उभे राहा आणि रस्त्याकडे चालायला लागा. काय आडवं येतं?

बाईक. मग मीटर रूमसमोर ठेवलेलं कुणाचं तरी जुनं कपाट. मग मागच्या कंपाउंडचं गेट, ज्याला गंजलेलं कुलूप आहे आणि चावी आधीच्या सेक्रेटरीकडे होती. किंवा गेटच नाही, मागचं अंगण चारही बाजूंनी बंद, म्हणजे दीडशे माणसं जळत्या इमारतीच्या भिंतीला आणि कंपाउंडला पाठ लावून उभी. नियम सांगतो की वाट सलग बाहेर, रस्त्याला मिळणाऱ्या मोकळ्या जागेपर्यंत जायला हवी. म्हणून मागे गेट पाडा, ते आतून चावीशिवाय उघडेल असं करा, आणि जमिनीवर पिवळे पट्टे मारून ती वाट आखून ठेवा, पार्किंगच्या नंबरांसारखीच ठळक.

वाट इमारतीच्या काचेच्या दर्शनी भागाखालून जात असेल तर वर छत द्या किंवा वाट बाजूला घ्या, आगीत काचा खाली येतात.

बेसमेंट असेल तर वरून उतरणारा जिना तसाच खाली बेसमेंटमध्ये जायला नको. धुरात उतरणारा माणूस तळमजला चुकवून पार्किंगमध्ये जातो, आणि बेसमेंटचा धूर त्याच पोकळीतून वर चढतो. तळमजल्यावर जिना तुटायला हवा, बेसमेंटचा वेगळा.

## टप्पा ९: दिवे आणि पाट्या

रात्री मेन स्विच पाडा आणि जिना उतरून बघा. एवढी एक चाचणी पुरेशी बोलकी आहे. वाटेच्या मध्यरेषेवर जमिनीपाशी किमान १० लक्स प्रकाश आणि बॅटरी निदान ९० मिनिटं टिकायला हवी. बाहेरच्या जिन्याला रस्त्याचा दिवा आहे म्हणून सोडू नका, तो तुमच्या हातात नाही.

पाट्या मराठीत आणि चित्रासकट, प्रत्येक वळणावर, म्हणजे एका पाटीपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. मजल्याचा नंबर जिन्यात आतल्या बाजूला मोठा लिहा, खाली आलो की नाही हे कळत नाही लोकांना.

व्हीलचेअरवरच्या माणसासाठी जिना ही वाटच नाही. तेव्हा प्रत्येक मजल्यावर अशी माणसं कोण, त्यांना कोण उचलणार आणि तोपर्यंत ती कुठल्या लँडिंगवर थांबणार हे नावानिशी ठरवून ठेवा. लँडिंग थोडं मोठं घेतलं असेल तर इथे उपयोगी पडतं.

## टप्पा १०: ताबा घेतल्यावर

ड्रिल करा, म्हणजे इमारत रिकामी करायचा सराव. उंच इमारतींना एनबीसीत पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी सांगितलंय, छोट्या इमारतींनीही तेच धरायला हरकत नाही. पहिल्या ड्रिलला सगळे सवयीने जुन्या जिन्याकडेच पळतात, म्हणून दुसऱ्या ड्रिलला जुन्या जिन्यात एक माणूस 'इथे धूर आहे' अशी पाटी घेऊन उभा करा आणि बघा किती जणांना नवा जिना माहीत आहे.

फॉर्म बी दरवर्षी जानेवारी आणि जुलैत, लायसन्स्ड एजन्सीकडून. एजन्सीचा माणूस आला की त्याला पंप रूममध्येच फिरवून चहा पाजून परत पाठवू नका, वरच्या मजल्यापासून मागच्या गेटपर्यंत चालत न्या. जुलैची तपासणी भर पावसात येते, तेव्हा शेवाळ, गळती, गंजलेलं रेलिंग, फुगलेलं फायर डोअर सगळं तिथल्या तिथे दिसतं.

बाकी रोजचं काम वॉचमनचं. सकाळ-संध्याकाळ जिना वर-खाली एकदा, दारं ढकलून बघायची, कुंड्या, सायकली, चपलांचे स्टँड उचलायचे, वहीत वेळ आणि सही. कुंडी कोणाची आहे ते विचारत बसायचं नाही, खाली आणून ठेवायची.